बाराने भागून उरलेला एक

यशवंत,

काल तुझी शोकसभा झाली आणि मी मधेच उठून शाळेच्या मागच्या भिंतीशी जाऊन ओकलो. शिपायानं सगळ्यांना सांगितलं, सरांना ऊन लागलं. ऊन यंदा पारनेरात सगळ्यांनाच लागलंय. मला झालं ते उन्हाचं नव्हतं.

टेबलावर तुझा फोटो होता. बी.एड.च्या वेळचा, मोठा करून आणलेला, त्यामुळे नाकडोळे विरघळल्यासारखे दिसत होते. त्याला झेंडूचा हार. गुरांना कडबा नाही, माणसांना घागरभर पाणी नाही, आणि यांनी एवढा झेंडू कुठून पैदा केला कोण जाणे. फोटोच्या पायाशी छापील पत्रकांचा गठ्ठा. वर शनीच्या शिळेचं चित्र, खाली तुझं नाव, आणि मधे ठळक अक्षरांत ‘शनीचा अंक, गणिताने सिद्ध!’ उद्गारचिन्हासकट. गणितात आकड्यापुढे ते चिन्ह आलं की एकपासून तिथपर्यंतचे सगळे आकडे गुणायचे असतात, म्हणून तू वर्तमानपत्राचे मथळे मला मुद्दाम भलतेच वाचून दाखवायचास. हा मथळा तू कसा वाचला असतास ते माझ्या डोक्यात आलं, आणि तुझ्या शोकसभेत पहिल्यांदा मला हसू आलं. ते काही टिकलं नाही.

कारण बोलायला उठले ते आपले ज्येष्ठ सहकारी. म्हणाले, “जन्म कुठल्या घरात झाला याला महत्त्व नसतं, हे यशवंतरावांनी दाखवून दिलं.” ज्यांनी शिक्षकांच्या खोलीत तुझा कप वेगळा, खिडकीत ठेवायला लावला होता, तेच हे. तुझ्या घरानं बुद्धाचा धर्म घेतला होता, पण यांच्या लेखी कप तोच राहिला. मी चिडून माझाही कप त्या खिडकीत नेऊन ठेवला तेव्हा तू माझ्याकडे पाहून म्हणालास, “आता दोन झाले. दोन ही मूळ संख्यांमधली एकटीच सम संख्या, माहितेय ना? बाकी सगळ्या विषम.” असं तू अपमानाच्या तोंडावर गणित आणून ठेवायचास. मला त्याची चीड यायची आणि रडूही यायचं. त्या माणसानं काल तुझ्यासाठी डोळे टिपले. रुमाल कोरडाच होता, मी जवळून पाहिलाय.

नगरला आपण बी.एड. करत होतो तेव्हाची आपली खोली आठवते? मी भूगोलवाला, तू गणितवाला, आणि दोघांत मिळून एक स्टोव्ह. एका रविवारी तू भिंतीवर कोळशानं मोठं घड्याळ काढलंस. मालक ओरडेल म्हणून मी धास्तावलेलो, आणि तू त्या घड्याळाभोवती आकडे मांडत सुटलेला. एक ते बारा एका फेरीत, तेरापासून पुन्हा एकच्या घरावर दुसरी फेरी, पंचविसापासून तिसरी. मग मला म्हणालास, “आता ज्यांना एक आणि स्वतः सोडून कुणानंच भाग जात नाही, त्यांच्याभोवती गोल कर.” मी पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस करत गेलो. बऱ्याच वेळानं तू म्हणालास, “थांब. आता लांबून बघ.”

मी लांबून पाहिलं. दोन आणि तीन हे सुरुवातीचे सोडले तर माझे सगळे गोल घड्याळाच्या चारच घरांत पडले होते. एक, पाच, सात आणि अकरा. बाकीची घरं रिकामी.

“मोजणी दहाच्या पायावर केली की शेवटचा आकडा एक, तीन, सात, नऊ येतो, त्यातही गंमत आहे,” तू म्हणालास. “पण बारावर बघ कसं स्वच्छ दिसतं. दोन, तीन, चार, सहा सगळे बाराच्या घरचेच. त्यांची पिलावळ आपोआप बाजूला होते. उरतात ते हे चार दरवाजे. आत शिरायचं तर मूळ संख्येला यांतूनच यावं लागतं.”

“आणि या दरवाजांतून येणारी प्रत्येक मूळच असते?”

“छे! पंचवीस आली की एकच्या दारातून. पस्तीस आली अकराच्या. दरवाजा सांगतो कोण येऊ शकत नाही ते. कोण आलंय ते सांगत नाही.”

मी म्हणालो, याचा उपयोग काय? देशानं आणे सोडले, फूट-इंच सोडले, सगळं दहावर आणलं, आणि तू बारा घेऊन बसलास. तू म्हणालास, “मी कुठं दुकानदाराला सांगायला चाललोय? गाव तेच असतं, पण टेकडीवरून बघितलं की रस्ते दिसतात. तू भूगोल शिकवतोस, तुला हे कळू नये?” आपला तो वाद पुढे सगळी वर्षं चालला. नकाशाचा उपयोग चालायला होतो, तुझ्या बाराचा कशाला, असं मी म्हणायचो. तू दर वेळी नवीन उत्तर द्यायचास आणि मला एकही पटायचं नाही. खरं सांगायचं तर पटत नव्हतं म्हणूनच मी विचारत राहायचो.

मग पारनेरला एकाच शाळेत लागलो, आणि तू वर्गात बाराची लिपी सुरू केलीस. दहासाठी ‘द’, अकरासाठी ‘अ’, आणि १० लिहिलं की वाचायचं एक डझन. पोरं केळी आणि बांगड्या मोजणारी, त्यांना डझन लगेच कळलं. पाचाचा वर्ग पंचवीस, म्हणजे दोन डझन आणि एक, लिहायचं २१. साताचा वर्ग ४१. अकराचा ‘द१’. तेराचा वर्ग तर तू मुद्दाम राखून ठेवायचास. तेरा म्हणजे एक डझन एक, ११. त्याचा वर्ग बाराच्या लिपीत १२१, आपल्या रोजच्या अकराच्या वर्गासारखाच दिसणारा. सगळा वर्ग ओरडायचा. माझा तास शेजारी असायचा, मला हिमालय थांबवावा लागायचा.

तीनपेक्षा मोठी कुठलीही मूळ संख्या घ्या, वर्ग करा, बाराच्या लिपीत लिहा. शेवटी एकच येणार आणि त्याच्या आधी सम आकडा. मी तुला अडवायला म्हणून पस्तीस काढली. पस्तीस मूळ नाही, पाच सत्ते. तिचा वर्ग बाराशे पंचवीस. बारानं भागला, तर तिथंही एकच उरला! मला वाटलं, तुझा नियम मोडला. तू खुर्चीतून उठलास, माझे दोन्ही खांदे धरलेस. “अरे, मोडला नाही, वाढला! दोन आणि तीननं भाग न जाणाऱ्या सगळ्यांचा आहे तो. मूळ संख्यांचा आहे, पण त्यांच्या एकट्यांचा नाही.” नंतर कितीतरी दिवस तू भेटेल त्याला सांगत होतास की हे आमच्या भूगोलवाल्यानं काढलं. माझ्या आयुष्यात गणितानं मला दिलेला तेवढाच मान.

आता ते सांगायलाच हवं, जे तुला ठाऊक आहे, पण हे दुसरं कुणी वाचलं तर त्याला ठाऊक नसेल.

स्नेहसंमेलनात पालकांसमोर तुला या विषयावर बोलायला सांगितलं. समोर आपल्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब. दर शनिवारी शिंगणापूरला तेल घेऊन जाणारे, आणि नोकरी मागायला येणाऱ्याचं प्रमाणपत्र बघायच्या आधी पत्रिका बघणारे. तू फळ्यावर वर्ग मांडलेस, दर वेळी एक उरला, आणि आबासाहेब उभेच राहिले. टोपी सारखी करून लोकांकडे वळले.

“ऐकलंत का मंडळी? बारा राशी! बारा राशींनी भागलं तरी जो उरतो, तो एक कोण? शनी! आपल्या ऋषींनी सांगितलं ते आज गणितानं सिद्ध झालं.”

टाळ्या पडल्या. तू खडू हातात घेऊन टाळ्या संपायची वाट पाहिलीस. तुझ्या चेहऱ्यावरून मला कळलं आणि मी मनात म्हणालो, आज गप्प बस बाबा.

“नाही, आबासाहेब,” तू म्हणालास. आवाज चढवलाही नाहीस. “बाराऐवजी आठनं भागून बघा. तरी एकच उरतो. चोवीसनं भागा, तरी एकच. मग राशी आठ धरायच्या की चोवीस?”

मागून पोरं हसली. मग पालक हसले. आबासाहेबांचा चेहरा मी पाहिला, तू पाहिला नाहीस, कारण तू फळ्याकडे वळून कारण सांगायला लागला होतास. मूळ संख्येच्या दोन्ही बाजूंचे शेजारी सम, त्यांतल्या एकाला चारनं भाग जातोच, म्हणून दोघांच्या गुणाकाराला आठनं. लागोपाठच्या तिघांत एक तीनच्या पाढ्यातला असतो, आणि मधली मूळ संख्या तर नाही, म्हणजे शेजाऱ्यांपैकीच एक. आठ त्रिक चोवीस. शेजाऱ्यांचा गुणाकार म्हणजे त्या संख्येच्या वर्गातून एक वजा. झालं. यात ना ग्रह ना तारा.

“तुमच्या लोकांना देवाधर्माचं काय कळणार,” आबासाहेब म्हणाले. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. पाहुणे गुलाबाचं फूल हुंगत बसले. तू शेवटची ओळ पूर्ण केलीस, हात झटकलेस आणि “आभारी आहे” म्हणून खाली उतरलास.

जून उजाडताना तुझी बदली झाली, संस्थेच्या जामखेडकडच्या शाखेत. शाखा म्हणजे पत्र्याची शेड. मी तुझ्याशी केवढा भांडलो! जाऊ नकोस, शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊ, कोर्टात जाऊ, मी साक्ष देतो, मी पण राजीनामा देतो. तू वळकटी बांधत होतास.

“तिथं पोरं आहेत ना? फळा आहे ना?”

“हा पळपुटेपणा आहे यशवंत.”

“आमच्या आज्यानं वेस ओलांडायला परवानगी मागितली असती तर पळपुटेपणा झाला असता. मी नोकरीच्या गावी चाललोय.”

“हे उत्तर नाही.”

“नाही. पण माझ्याकडे आज एवढंच आहे.”

हा वाद तू अर्धा टाकून गेलास. मी अजून माझ्या बाजूला उभा आहे. तू लढायला हवं होतंस. तू मेलास म्हणून तुझं बरोबर ठरत नाही.

दुष्काळात मी तुला भेटायला आलो तेव्हा शेडमध्ये निम्मी पोरं नव्हती, आईबापांबरोबर खडी फोडायला गेली होती. गावच्या विहिरीत टँकर ओतायचे आणि वर माणसं दोर टाकून तुटून पडायची. ते पाणी मी तांब्यात पाहिलं. तू पीत होतास, कमल वहिनी पीत होत्या, सगळं गाव पीत होतं. तू दारात उभा राहिलास आणि तुझे डोळे हळदीसारखे होते. मी तुला एसटीत घालून नगरला दवाखान्यात आणलं. बदलीनं तुला मारलं असं मी म्हणणार नाही. कावीळ कुणालाही होते. पण ते पाणी तुझ्या तोंडाशी कुणी नेलं ते मला ठाऊक आहे, आणि त्याच्याच हातून काल तुझ्या फोटोला हार पडला.

दवाखान्यात तू मला विचारलंस, “अजून चिडलायस?” मी म्हणालो, “हो.” तू हसलास. “चांगलं आहे. चिडलेला माणूस नीट हिशेब करतो.” हे आपलं शेवटचं नीटसं बोलणं. त्यानंतर तू जे बोललास ते तापातलं होतं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

तर काल. सभेच्या आदल्या दिवशी आबासाहेबांनी वहिनींकडे निरोप धाडला होता. मुलींच्या वसतिगृहात मदतनीसाची जागा आहे, ती तुम्हाला देऊ, फक्त व्यासपीठावर येऊन पत्रकाची पहिली प्रत तुमच्या हातानं घ्या. येत्या शनिवारपासून ती पत्रकं शिंगणापूरला वाटायची आहेत. तुझं नाव मोठं होईल, असं त्यांचं म्हणणं. वहिनींनी मला काही विचारलं नाही. मलाही ‘जाऊ नका’ असं सांगायचं धैर्य झालं नाही, कारण दोन लेकरांचं पोट मी भरणार नव्हतो.

त्यांना वर बोलावलं, शाल घातली, हातात पत्रक दिलं. फोटो काढणारा पुढे सरकला. वहिनी वाचायला लागल्या. सातवी पास बाई, सावकाश, ओठ हलवत वाचत होत्या, आणि सगळी सभा ताटकळत होती. आबासाहेब दोनदा खाकरले.

“ह्यात लिवलंय, ह्यांनी शनीचा अंक शोधला,” वहिनी म्हणाल्या. “ह्यांनी असलं काही शोधलं न्हाई. घरी पाटीवर मांडायचे, मी भाकरी करताना समोर बसून मांडायचे. शनीचं नाव कधी निघालं न्हाई.”

“ताई, तुम्ही दुःखात आहात. गणितातलं तुम्हाला…”

“गणित मला कळत न्हाई. मानूस कळत हुता.”

त्यांनी पत्रक टेबलावर ठेवलं, शाल काढून त्यावर ठेवली आणि हाराखालून तुझा फोटो ओढून काढला. झेंडू सांडला. आबासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, “नोकरीचा विचार करा बाई.”

“केला,” वहिनी म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

मी उभा राहिलो. म्हणालो, या पत्रकातलं एकही वाक्य यशवंतचं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, “बसा सर, शोकसभेत वाद नको.” आणि सभा पुढे चालू झाली, यशवंत! फोटो नसलेल्या टेबलासमोर आभारप्रदर्शन झालं. पत्रकं हातोहात फिरली. मला वाटलं, आता तरी कुणी चुरगाळून फेकेल. कुणी फेकलं नाही. वर देवाचं चित्र, पायाखाली कसं येऊ द्यायचं? म्हणून आपले विज्ञानाचे मास्तर, गणिताचे नवे मास्तर, तुझ्याकडे फुकट शिकवणीला पोरं धाडणारे पालक, सगळ्यांनी ते कपाळाला लावलं आणि व्यवस्थित घडी करून खिशात ठेवलं. आबासाहेबांचं खोटं मला नवीन नव्हतं. मला ढवळलं ते त्या घड्यांनी. यांतल्या कित्येकांना तू चोवीसचं कारण स्वतः समजावलेलं होतंस. त्यांना ते समजलंही होतं. समजून घेऊन त्यांनी ती घडी घातली.

तेव्हा मी उठलो आणि भिंतीमागे गेलो.

आज सकाळी वहिनींना मी एसटीत बसवून दिलं. त्या संगमनेरला भावाकडे गेल्या. तिथं बालवाडीत बाई हवी आहे म्हणतात, मिळेल किंवा नाही मिळणार. पोरं खिडकीपाशी बसण्यावरून भांडत होती. गाडीला अवकाश होता. वहिनी स्टँडच्या बाकावर बसून म्हणाल्या, “भाऊजी, ते काय मांडायचे ते एकदा नीट सांगा मला. काल म्या बोलले खरी, पन मला ठावं न्हाई ते काय हाय.”

मी जमिनीवर खडा घेऊन मांडलं. पाच, सात, अकरा, तेरा. वर्ग, डझन, उरलेला एक. त्यांनी पुढचा सतरा स्वतः करून पाहिला. वर्ग मी सांगितला, डझनं त्यांनी मोजली. चोवीस डझन आणि एक.

“असं कुठवर हुतं?”

“शेवटपर्यंत.”

“म्हंजी ह्या संख्यांचा शेवट कुठं येतो?”

“येत नाही, वहिनी. कितीही मोठी घ्या, तिच्यापुढे आणखी एक असतेच. मूळ संख्या संपत नाहीत.”

त्यांनी धुळीतल्या आकड्यांकडे बोट केलं. “हे त्यांना ठावं हुतं?”

“हो.”

“मग मला कधी बोलले न्हाईत,” त्या म्हणाल्या, आणि पोरांना हाक मारून गाडीत चढल्या.

गाडी गेली. मी स्टँडवर उभा राहिलो, आणि यशवंत, कालच्या सगळ्या लोकांपेक्षा मला तुझा जास्त राग आला. रोज संध्याकाळी ती भाकरी थापत समोर बसलेली असायची, आणि एवढी सोपी गोष्ट तू तिला सांगितली नाहीस. ती माझ्याकडून तिला बसस्टँडवर ऐकावी लागली.